तिसऱ्या भागाचं दुखणं : एका लेखाच्या कामाच्या नोंदी

१२ मे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. "हल्लीची मुलं इंग्रजीत काय वाचतात त्यावर काहीतरी लिहा, दोन हजार शब्द, जुलैअखेर द्या." 'काहीतरी' हा विषय होत नाही असं म्हणणार होते, पण त्यांनी मानधनाचा आकडा आधी सांगितला.

विषय संध्याकाळी ताईकडे सापडला. सई दहावी सुटल्याच्या आनंदात कपाट आवरत होती. देऊन टाकायच्या पुस्तकांचा वेगळा ढीग. बघते तर ढिगात नुसते तिसरे भाग. पहिले-दुसरे कपाटात जागच्या जागी.

"अगं, सेट कशाला फोडतेस?"

"तिसऱ्यात सगळ्याची वाट लागते, मावशी. कुठलीही मालिका घे."

सगळ्या डिस्टोपियन मालिका. कोणीतरी भिंत घातलेलं शहर, जुलमी सरकार, सोळा-सतरा वर्षांची नायिका, क्वचित नायक. मी ढिगातली पुस्तकं हातात घेऊन त्यांच्या पाठी बघितल्या. मुद्रितशोधनाच्या धंद्यात ही खोड लागते. पेपरबॅक जिथपर्यंत उघडलं जातं तिथपर्यंत पाठीवर पांढऱ्या सुरकुत्या पडतात. पहिल्या भागांच्या पाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत चुरगळलेल्या. तिसऱ्यांच्या सुरकुत्या निम्म्यावर थांबलेल्या. एकात तर पुणे-सातारा एसटीचं तिकीट तसंच खुपसलेलं.

पुढचे भाग खरंच निराश करतात का, की ही नुसती कुरकुर? आणि करत असतील तर का? ढीग पिशवीत भरून घरी आणला, पहिले-दुसरे भागही उसने घेतले.

१५ मे

संपादकांना 'डिस्टोपियन'ला मराठी शब्द हवा आहे. 'दुःस्वप्ननगरी' जरा नाटकाच्या नावासारखं वाटतं. 'प्रतिआदर्शराज्य' उच्चारेपर्यंत वाचक पान उलटेल. दिवस गेला, शब्द मिळाला नाही. सई म्हणाली, "डिस्टोपियनच लिही ना, सगळ्यांना कळतं." तेच लिहिणार.

१९ मे

पहिला अंदाज, जो कुणीही बांधेल: घाई. पहिलं पुस्तक गाजलं की प्रकाशक दर वर्षी एक मागतो आणि लेखक पाणी घालत सुटतो, आपल्याकडच्या टीव्ही मालिकांसारखा.

सालं मांडून पाहिली. सुझान कॉलिन्स : 'द हंगर गेम्स' २००८, 'कॅचिंग फायर' २००९, 'मॉकिंगजे' २०१०. वेरोनिका रॉथ : 'डायव्हर्जंट' २०११, 'इन्सर्जंट' २०१२, 'अलीजंट' २०१३. जेम्स डॅशनर : 'द मेझ रनर' २००९, 'द स्कॉर्च ट्रायल्स' २०१०, 'द डेथ क्युअर' २०११. वर्षाला एक, गिरणीच्या भोंग्यासारखं.

मग चौथी ओळ लिहिली आणि अंदाज बारगळला. पॅट्रिक नेसची 'केऑस वॉकिंग' त्रयी : २००८, २००९, २०१०. तीच घाई. पण तिच्या पहिल्या पुस्तकाला गार्डियनचा बालसाहित्य पुरस्कार, दुसऱ्याला कोस्टा आणि तिसऱ्याला २०११ चं कार्नेगी पदक. म्हणजे घाईतही पुस्तक चढत जाऊ शकतं. घाई हे कारण असेल तर ते सोबतीचं, मूळ दुसरीकडे आहे.

आणि पाणी घातलं म्हणावं तर तेही खोटं. या तिसऱ्या भागांत पाणी कुठलं? युद्ध, बंड, माणसं पटापट मरतायत. घडतं फार, आणि तरीही सई निम्म्यावर थांबते.

२६ मे

'हंगर गेम्स'चे तिन्ही भाग पाच दिवसांत. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी तिशीत होते, गोष्टीच्या ओढीने गेले होते. आता पेन्सिल घेऊन.

कॉलिन्स आधी टीव्हीसाठी लिहायची, आणि ते बांधणीत दिसतं. तिन्ही पुस्तकांना सत्तावीस-सत्तावीस प्रकरणं. प्रत्येकाचे तीन खंड, प्रत्येक खंडात नऊ प्रकरणं. शाळेच्या वेळापत्रकाइतकं चोख. त्यामुळे मोजणं सोपं. मी एकच गोष्ट मोजली : नायिका कॅटनिस त्या जीवघेण्या खेळाच्या आखाड्यात किती प्रकरणं असते?

पहिल्या पुस्तकात दहावं प्रकरण संपताना ती नळीतून वर येते आणि पंचविसाव्यात खेळ संपतो. पंधरा प्रकरणं. दुसऱ्यात आखाडा सुरू व्हायलाच अठरा प्रकरणं जातात, उरतात नऊ. तिसऱ्यात शून्य.

पंधरा, नऊ, शून्य. हे आकडे वहीत लिहून बराच वेळ बघत बसले.

आखाडा ही भयंकर गोष्ट आहे. बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं, एक जिवंत उरेपर्यंत एकमेकांना मारायचं आणि देशाने ते टीव्हीवर बघायचं. पुस्तक त्या बघण्यावर रागावलेलं आहे. कॉलिन्सने सांगितलंय की रात्री चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं बघून तिला ही कल्पना सुचली. पण पुस्तक जितकं रागावतं तितकंच आपल्याला बघायला लावतं. आपण पानं उलटतो ती आखाड्यासाठी. मग लेखिका तिसऱ्या भागात आखाडा काढून घेते आणि आपण हिरमुसतो.

२ जून

सई घरी. 'मॉकिंगजे'वरून भांडण.

तिचं म्हणणं नीट लिहून ठेवते, कारण ते आळशी नाही. "ती काहीच करत नाही, मावशी. पीटाला सोडवून आणतात तेव्हा ती तिकडे नसते. कॅपिटल पडतं तेव्हा बेशुद्ध. सारखी हॉस्पिटलमध्ये, नाहीतर कपाटात लपून बसलेली."

(पीटा म्हणजे आखाड्यातला तिचा जोडीदार, कॅपिटल म्हणजे जुलमी सरकारची राजधानी.) अक्षरशः खरं आहे. बंडखोरांच्या तेराव्या जिल्ह्यात कॅटनिस सामानाच्या कपाटांत जाऊन झोपते, मनगटावर 'मानसिक गोंधळलेली' असा पट्टा. पीटाची सुटका पानांबाहेर होते. त्या वेळी ती आणि तिचा साथीदार फिनिक कॅमेऱ्यासमोर प्रचारफिती करत असतात. शेवटच्या बॉम्बहल्ल्यात ती भाजते, शुद्धीवर येते तेव्हा युद्ध संपलेलं.

मला यात चूक दिसत नाही, अडचण दिसते. तिन्ही पुस्तकं कॅटनिसच्या तोंडून, चालू वर्तमानकाळात. 'मी धावते. मी बाण लावते.' आखाड्यात हे निवेदन हिऱ्यासारखं चमकतं, कारण तिथे जे काही घडायचं ते तिच्या चार हातांच्या अंतरात घडणार. युद्धाचं तसं नसतं. ते दहा ठिकाणी चालतं, निर्णय बंद खोलीत होतात आणि सतरा वर्षांच्या मुलीला त्यातलं काय दिसणार? निवेदनाची जी पद्धत पहिल्या भागाची ताकद होती तीच तिसऱ्यात आंधळी होते. लेखिकेपुढे दोनच वाटा होत्या : निवेदक बदलणं किंवा आंधळेपणालाच गोष्ट करणं. तिने दुसरी घेतली. तिचे वडील अमेरिकी हवाई दलात, ती लहान असताना व्हिएतनामला गेलेले. तिने त्या वर्षावर लहान मुलांसाठी सचित्र पुस्तकही केलंय. युद्धात माणूस हीरो नसतो, वापरला जातो, हे तिला सांगायचंच होतं.

प्रिमचं मरणं घ्या. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला कॅटनिस जिच्याऐवजी स्वतः पुढे होते ती ही धाकटी बहीण. शेवटी ती मरते त्या बॉम्बची युक्ती तिचा जुना मित्र गेल याच्या डोक्यातली : पहिला स्फोट, मग मदतीला धावणाऱ्यांसाठी दुसरा. आणि मग कॅटनिसचा बाण, जो जुलमी अध्यक्ष स्नोसाठी ताणलेला असतो आणि सुटतो बंडाची नेता कॉइन हिच्यावर. कुमारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात इतका कडू शेवट करायला छाती लागते.

माझं मत : तिघांत विचाराने सगळ्यात मोठं पुस्तक तिसरं, आणि वाचायला सगळ्यात जड तेच. सईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बोअर आहे हे तुला मान्य आहे."

काही अंशी मान्य आहे.

७ जून

आज काहीच नाही. एका पाककृतींच्या पुस्तकाची प्रुफं. सहा ठिकाणी 'चवीनुसार मीठ', त्यातल्या दोन ठिकाणी मीठच राहिलेलं.

११ जून

'डायव्हर्जंट' पुन्हा वाचलं, आणि पहिल्या शंभर पानांत समजलं की सई यात का अडकली. शिकागो शहर, पाच गट, प्रत्येक गटाचा एक गुण : त्याग, सलोखा, खरेपणा, धाडस, विद्वत्ता. सोळाव्या वर्षी आधी चाचणी, मग सगळ्यांसमोर गट निवडायचा. हातावर सुरीने कापायचं आणि रक्ताचा थेंब आपल्या गटाच्या भांड्यात टाकायचा. धाडसवाल्यांच्या भांड्यात निखारे, त्यागवाल्यांच्यात करडे दगड.

दहावी, कलचाचणी आणि सायन्स की कॉमर्स यातून गेलेल्या पोरीला यात परकं काय वाटावं? सईने तेव्हा गळ्याच्या हाडाखाली नायिकेसारखे तीन पक्षी बॉलपेनने काढून घेतले होते आणि ताईने खोबरेल लावून घासून काढले होते. तिच्या वर्गात प्रत्येकीचा गट ठरलेला होता. (मी विद्वत्तेत, असं परस्पर ठरवलं गेलं होतं. माझी हरकत नाही.)

आता 'अलीजंट'. नायिका शहराबाहेर पडते. बाहेर काय आहे, हा दोन भाग ताणलेला प्रश्न. उत्तर : ओहेअर विमानतळावर सरकारी खातं बसलंय आणि अख्खं शहर हा जनुकांचा प्रयोग आहे. काही माणसांची जनुकं 'बिघडलेली', काहींची 'शुद्ध'.

इथेच एसटीचं तिकीट होतं. नेमकं याच पुस्तकात, याच सुमाराला.

लेखात हे ठासून मांडायचं : पहिल्या भागाची सगळी मजा निवडण्यात होती. मी कोण, ते मी ठरवणार, रक्त देऊन ठरवणार. तिसरा भाग येऊन सांगतो की तो सगळा मामला पेशींतला. लेखिका या जनुकवादाच्या बाजूने नाही, उलट तिची पात्रं त्याच्याशी भांडतात. पण उत्तराने प्रश्नच बारीक करून टाकला. ज्यांच्यावर सईच्या वर्गाने दोन वर्षं वाद घातले ती पाच भांडी एका प्रयोगशाळेच्या टेबलावर नेऊन ठेवली.

१४ जून

'अलीजंट'वरचा मोठा राग वेगळ्याच कारणासाठी होता : नायिका ट्रिस मरते. पुस्तक आलं तेव्हा वाचक भडकले होते ते याच्यावर.

मला तो मृत्यू पटला. जी मुलगी त्यागाच्या गटात वाढली, ती गट सोडून धाडसात गेली, ती शेवटी भावाच्या जागी स्वतः जाते. दोन्ही भांडी एक झाली. मृत्यू नीट आहे, त्याच्याकडे जाणारी वाट ढिली आहे. आधीच्या दोन भागांत एकटी ट्रिस बोलते. तिसऱ्यात एक प्रकरण ती, एक तिचा प्रियकर फोर. दोघांचा आवाज इतका सारखा की मी मधेच थांबून प्रकरणाच्या माथ्यावरचं नाव पुन्हा बघत होते. शिवाय दुसरा निवेदक अचानक का आणला, हे चाणाक्ष वाचक विसाव्या पानावर ओळखतो. पहिलीला काहीतरी होणार, नाहीतर कथा संपवणार कोण?

सईच्या दोन मैत्रिणींनी नुसते सिनेमे बघितलेत. त्यांच्या लेखी ट्रिस जिवंत आहे. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे होते. पहिला २०१६ मध्ये आला, चालला नाही, दुसरा निघालाच नाही. निराश करणाऱ्या तिसऱ्या भागापेक्षाही विचित्र प्रकार : तिसरा भाग अर्ध्यावर सोडून लोक घरी गेले.

२० जून

'मेझ रनर' तीन भाग. लवकर उरकते, कारण मी यात रमले नाही. चक्रव्यूहात अडकलेली, स्मरणशक्ती पुसलेली मुलं. पहिल्याच भागाच्या शेवटी चक्रव्यूहातून बाहेर. मग दोन पुस्तकं चक्रव्यूहाशिवाय. दुसऱ्यात वाळवंट. तिसऱ्यात नायक थॉमसला स्मृती परत देऊ करतात आणि तो नको म्हणतो. तत्त्व म्हणून ठीक. पण मी तीन पुस्तकं त्या स्मृतीसाठीच वाट बघितली होती, मला कोणी विचारलं नाही.

२७ जून

नेस. हा सईने वाचलेला नाही, माझ्या मित्राकडून आणला.

'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो' : एका परग्रहावरची वसाहत, जिथे पुरुषांच्या मनातलं सगळं सगळ्यांना ऐकू येतं. याला ते 'नॉइज' म्हणतात. पानावर तो वेगवेगळ्या वेड्यावाकड्या हस्ताक्षरांत छापलाय. (अक्षरजुळणी करणाऱ्याला मनोमन नमस्कार.) टॉड नावाचा मुलगा, गावातला शेवटचा मुलगा, पळतो.

दुसऱ्या भागात त्याच्याबरोबर पळालेली व्हायोलाही बोलू लागते. तिसऱ्यात त्या ग्रहाच्या मूळ रहिवाशांपैकी एक जण तिसरा निवेदक. म्हणजे निवेदक वाढवणं हा काही दोष नाही. 'अलीजंट'मध्ये दुसरा आवाज आला आणि गोष्ट पातळ झाली, इथे ती घट्ट झाली. कारण इथे गोष्टच मुळी 'दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकू आलं तरी समजतं का' ही आहे. प्रत्येक नवा आवाज तोच प्रश्न वरच्या पट्टीत विचारतो. आणि तिघांचे आवाज डोळे मिटून ओळखता येतात.

तिसरा भाग 'मॉन्स्टर्स ऑफ मेन'ही युद्धाचंच पुस्तक आहे, 'मॉकिंगजे'सारखं. पण ते मी रात्री दोनपर्यंत वाचलं.

१ जुलै

आता जुळलं, निदान माझ्यापुरतं.

कॉलिन्स, रॉथ, डॅशनर, तिघांच्याही पहिल्या पुस्तकात एक खोका आहे. आखाडा, पाच गटांचं शहर, चक्रव्यूह. खोक्याला नियम आहेत, भिंती आहेत, गुण आहेत, पहिला-शेवटचा नंबर आहे. वाचकाला तो खोका आवडतो. नियम पाठ होतात, आपण आत असतो तर काय केलं असतं हे खेळता येतं. आणि त्याच वेळी पुस्तक वाचकाला शब्द देतं की हा खोका दुष्ट आहे, तो मोडायचाय. शब्द पाळायचा तर तिसऱ्या भागात खोका मोडलाच पाहिजे. मोडला की ज्यासाठी वाचक आला होता ते गेलं. उरतं ते बाहेरचं जग, आणि बाहेर नेहमीचंच राजकारण, समित्या, बराकी, दवाखाने.

नेसकडे खोका नव्हता. त्याच्याकडे रस्ता होता आणि आवाज होते. मोडण्यासारखं काही नव्हतं.

आणखी एक पुरावा. कॉलिन्सने नंतर पॅनेमवर, म्हणजे 'हंगर गेम्स'च्या देशावर, आणखी दोन पुस्तकं लिहिली, २०२० आणि २०२५ मध्ये. कॅटनिसनंतरच्या, खेळ बंद झालेल्या देशाची गोष्ट तिने सांगितली नाही. ती मागे गेली : एकात दहावा खेळ, दुसऱ्यात पन्नासावा, तोही दुपटीचा, अठ्ठेचाळीस मुलांचा. दोन्ही वेळा पुन्हा आखाड्यात.

६ जुलै

स्वतःवरच हरकत. मग लोइस लॉरीचं काय? 'द गिव्हर' (१९९३) मध्येही बंद, नियमबद्ध वस्ती आहे. शेवटी नायक योनास बाळाला घेऊन बर्फातून घसरगाडीवर, खाली दिवे दिसतात, आणि पुस्तक संपतं. तो पोचला की गारठून मेला? लॉरीने सांगितलं नाही. पुढचं पुस्तक २००० मध्ये आलं ते वेगळ्याच गावाचं. २००४ च्या तिसऱ्यात कळतं की योनास जगला. चौथं २०१२ मध्ये.

तिने खोका पहिल्याच पुस्तकात सोडला आणि पुढची पुस्तकं शेजारच्या गावांसारखी बांधली, जोडलेली पण एकमेकांच्या खांद्यावर न बसलेली. तरी मला योनास जगल्याचं कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं. अकरा वर्षं तो त्या उतारावर होता, तेच बरं होतं. तेव्हा माझा खोक्याचा नियम सगळ्यांना लागू नाही. लेखात 'बहुधा' हा शब्द घालायचा.

आपल्याकडे हा प्रश्न कमी का पडला, हेही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुठूनही वाचा, प्रत्येक पुस्तक आपापलं पुरं. फुरसुंगीचा बन्या मोठाही होत नाही आणि त्याची सायकलही. तिसरा भागच नाही तर दुखणार काय? पण फेणेच्या जगात कुणी भिंतही बांधलेली नव्हती.

१६ जुलै

खर्डा दोन हजार सहाशे. 'मेझ रनर' चार ओळींवर आणला, कुणाला चुकचुकल्यासारखं होणार नाही. घाईचा अंदाज ठेवलाय, कारण वाचक तोच घेऊन येणार. 'मॉकिंगजे'ची बाजू घेणारा परिच्छेद सईने वाचला आणि समासात लिहिलं, "वकिली." तो थोडा नरम केला. काढला नाही.

२४ जुलै

लेख पाठवला. सईची पुस्तकं परत केली. तिकीट होतं त्याच पानात ठेवलंय. तिसरे भाग अजून दाराशी पिशवीत आहेत, कुणी न्यायला आलेलं नाही.

३० जुलै

चित्रकाराचा फोन. लेख अजून वाचलेला नाही, पण चित्र परवा द्यायचंय, काय काढू? म्हटलं, एक उंच भिंत काढा आणि तिच्यापाशी एक मुलगी.

"आतून की बाहेरून?"

मला चटकन सांगता येईना. सई समोरच बसून मोबाइल बघत होती, तिला विचारलं.

"आतून," मान वर न करता ती म्हणाली. "बाहेरून कोण बघणार आहे?"

तसं कळवलं. भिंतीला वेल नको, एवढंच सांगितलं.